कोकणात होमस्टे काढताय? खोलीत काय ठेवायचं आणि काय नाही, हे कसं ठरवायचं

दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमच्या आजोबांचं घर आहे, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर कौलं, मागे नारळ-सुपारीची वाडी, आणि त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना राहायला देतो. महिन्यात दोन-तीन फोन हमखास येतात, कधी गुहागरहून, कधी मालवणहून, की "ताई, आम्ही पण चालू करतोय, खोलीत काय काय ठेवायचं तेवढं सांगा ना." एवढं सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. घर कोकणातलं आणि खोल्या दोन ते पाच, असं धरून लिहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कुठलीही सोय म्हणजे रोजचं एक काम असतं. वस्तू घेताना पैसे एकदाच जातात, पण ती चालू, स्वच्छ आणि कोरडी ठेवायला रोज माणूस लागतो. म्हणून प्रत्येक वस्तूला मी तीन प्रश्न विचारते: ही पाणी किती खाणार, करंट किती खाणार, आणि सकाळी ११ ला पाहुणे गेले की दुपारी १ ला दुसरे येणार, त्या दोन तासांत ती कोण साफ करणार. तिन्हीचं उत्तर मिळालं तरच पाकीट उघडायचं.

पहिलं काम: येणार कोण ते बघा

आमच्याकडे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या फॅमिली येतात, एका गाडीत सहा-सात जण, त्यात एक आजी किंवा आजोबा आणि एक लहान मूल जवळजवळ ठरलेलं. थंडीत जोडपी येतात. फेब्रुवारी ते एप्रिल वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला लोक येतात, ती पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, त्यामुळे या मंडळींना पहाटे पाच-साडेपाचला चहा लागतो, बाकी कशाचं काही नाही. म्हणजे बघा, कासववाल्यांसाठी सगळ्यात मोठी सोय कुठली तर रात्री भरून ठेवलेला चहाचा थर्मास आणि सोबत बिस्किटं, आणि आजींसाठी कुठली तर बाथरूममधलं स्टूल. दोन्ही मिळून हजार-बाराशे रुपयांचं काम.

फोनवर बुकिंग घेताना तीन गोष्टी विचारत जा: किती जण, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान माणूस किती वर्षांचं, आणि येताय कशाने. आणि एक वही करा. आपल्याकडे नसलेली एखादी वस्तू पाहुण्याने मागितली की तारीख टाकून लिहायची, बस. आमच्या पहिल्या सीझनच्या वहीत टीव्ही दोनदा आला आणि बसून अंघोळ करायला स्टूल अकरा वेळा. मी तर टीव्ही घ्यायला निघाले होते, वहीने वाचवलं.

दुसरं काम: स्वतः एक रात्र त्या खोलीत झोपा

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात जास्त शिकवतं. घरातून पाणीसुद्धा न आणता, पाहुण्यासारखी पिशवी घेऊन जायचं, दार लावायचं आणि सकाळपर्यंत बाहेर यायचं नाही. मी आणि आई मधल्या खोलीत झोपलो तेव्हा कळलं की लाईटचं बटण दाराजवळ, म्हणजे बंद करून अंधारात चाचपडत पलंगापर्यंत यायचं, चार्जिंगचा प्लग कपाटाच्या मागे, आईला चष्मा ठेवायला जागा नाही म्हणून तिने तो चपलेत ठेवला, आणि मागच्या पत्र्यावर पागोळी पडत होती तिचा टपटप आवाज रात्रभर कानात. दुसऱ्या दिवशी वायरमनदादांना बोलावून पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण आणि एकेक प्लग काढून घेतला, भिंतीत वीतभर लाकडी फळी ठोकली, दारामागे सहा खुंट्या लावल्या, पत्र्यावर जुन्या सुंभाची चटई टाकली. तिन्ही खोल्यांचं मिळून एसीच्या चौथाई खर्चात झालं आणि त्यानंतर पाहुण्यांच्या अभिप्रायात "घरच्यासारखं वाटलं" हे वाक्य यायला लागलं.

तिसरं: पाणी आणि करंट, बाकी सगळं यानंतर

पाण्याचा हिशोब असा करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरतात तो आकडा. तीन खोल्या, खोलीत तीन माणसं, म्हणजे नऊ जणांचं साधारण १२०० लिटर. त्यात चादरी-टॉवेल धुणं आणि समुद्रावरून आल्यावरची दुसरी अंघोळ धरली की २००० लिटरची टाकी कमीतकमी. आणि विहीर समुद्राजवळ असेल तर एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉईलवर थर बसतो, नळ गंजतात. म्हणून स्वस्तातले चकचकीत नळ घेऊ नका, पितळेचे किंवा ३०४ ग्रेडच्या स्टीलचे घ्या, स्क्रू आणि खुंट्यासुद्धा त्याच, साधं लोखंड खाऱ्या हवेत एका पावसात पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ सोडतं. प्यायच्या पाण्यासाठी फिल्टर एकच, ओटीवर, आणि खोलीत झाकणाचा स्टीलचा तांब्या-भांडं. बाटल्यांचा कचरा गावात टाकायचा कुठे हा प्रश्नच राहत नाही.

करंटचं जास्त सविस्तर सांगते कारण इथेच लोक फसतात. १५ लिटरचा गीझर २००० वॉट, दीड टनाचा एसी साधारण १५०० वॉट, इलेक्ट्रिक किटली १५००. तीन खोल्यांतले पाहुणे सकाळी आठला उठले आणि तिघांनी तिन्ही चालू केलं तर १५ किलोवॉट झाले, घरगुती सिंगल फेजला ते झेपणारच नाही. तेव्हा आधी महावितरणच्या ऑफिसला जाऊन मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, ते बघा, वाढवायचा असेल तर अर्ज करा, आणि मगच एसीच्या दुकानात जा. अर्थिंग तपासून घ्या, जांभा दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. बाथरूमच्या लाईनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच, बसवाच, ओल्या हाताने गीझरचं बटण दाबणारी माणसं आपल्या घरात असणार आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या आणि आमच्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून इन्व्हर्टर या विषयावर मी कोणाचं ऐकत नाही. १५० एएचची एक १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यातून हाताशी येणारी वीज १२०० ते १४०० वॉट-तास. साधे पंखे ७५ वॉटचे, तीन लावले, सहा एलईडी आणि वायफायचा राऊटर धरला तर २९० वॉट होतात, म्हणजे चार-साडेचार तासांत खेळ संपला. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर सगळं मिळून १५५ वॉट, आणि तीच बॅटरी आठ तास म्हणजे रात्रभर चालते. मे महिन्यात रात्री दोनला लाईट गेली आणि पंखा फिरत राहिला, याच्यापेक्षा मोठी सोय कोकणात नाही. मी तर म्हणेन एसी नसला तरी चालेल, हे आधी करा.

चौथं: गादी, चादर, टॉवेल

जुलैमधली गोष्ट. पुण्याचं एक जोडपं आलं, बाहेर धो धो पाऊस, खोली मी स्वतः पुसलेली, चादर सकाळी इस्त्री केलेली. त्या ताईंनी आत आल्या आल्या उशी उचलली, नाकाजवळ नेली, आणि काही न बोलता परत ठेवली. मी दारात उभी होते, मला ते दिसलं. ते गेल्यावर गादी उलटी केली तर खालच्या बाजूला, जिथे ती प्लायवूडला टेकते तिथे, मोहरीएवढे काळे ठिपके, सगळीकडे. बुरशी. बॉक्सचा पलंग होता, सामान ठेवायला सोयीचा म्हणून घेतलेला, आणि त्यात हवा खेळायला जागाच नाही. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कापसाची गादी ती ओल पिऊन बसते आणि वरून कितीही धुतलेली चादर घाला, वास येतोच.

त्यामुळे आता नियम असा. पलंग पट्ट्यांचा, खालून मोकळा, भिंतीपासून चार बोटं लांब. गादी फोमची, तिला चेन लावलेलं वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर सुती चादर. पाहुणे गेले की गादी भिंतीला उभी करून पंखा फुल, निदान अर्धा तास. पावसाळ्यात खोली रिकामी असली तरी रोज दोन तास खिडकी आणि पंखा. उश्या माणशी दोन, एक जाड, एक पातळ.

टॉवेल घेताना दुकानदार ६०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जाडजूड दाखवेल, हाताला मऊ लागतो, पण पावसात तो तीन दिवस वाळत नाही. ४०० ते ४५० चा घ्या. आणि सेट किती, तर एक खोलीत, एक धुण्यात, एक वाळतोय, म्हणजे पलंगामागे तीन, आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चौथा लागतोच. पांढरेच घ्या असं सगळे सांगतात, मी म्हणते फिकट राखाडी घ्या, इथली लाल माती पांढऱ्या टॉवेलवरून जात नाही. एसी असेल तर सोलापुरी चादर प्रत्येकाला एक, पातळ आहे, उबदार आहे, आणि वाळतेही पटकन.

न्हाणीघर आणि वाळू

बादली-मग ठेवा. शॉवर कितीही भारी असला तरी ठेवा. एका आजींनी मला बाथरूममधून हाक मारली होती, "अगं ए पोरी, बादली कुठाय गं, मला हे पावसासारखं पाणी डोक्यावर नको," आणि मी धावत घरातली बादली नेऊन दिली. बादली, मग, स्टूल, कमोडजवळ आणि नळाजवळ धरायला एकेक स्टीलची दांडी, खाली न घसरणारी फरशी, आणि कमोड वेस्टर्नच, गुडघे दुखणारं कोणीतरी असतंच. हँडफॉसेट (कमोडजवळचा हातात धरायचा फवारा) चांगल्या कंपनीचा, कारण तो गळायला लागला की रात्री एकला आपल्यालाच उठावं लागतं. साबण-शाम्पूच्या पुड्या नकोत, भिंतीला लावलेल्या पंपाच्या बाटल्या भरत राहायच्या. एक्झॉस्ट फॅन पाहिजेच. गीझर १५ लिटरचा, साधारण वीस मिनिटांत पाणी कडकडीत, आणि "वीस मिनिटं आधी लावा" हे बटणाशेजारी मराठीत लिहून ठेवा. सोलरवर पाणी तापवायचं मनात असेल तर लक्षात घ्या की जून ते सप्टेंबर ते नावापुरतंच असतं, गीझर घ्यावाच लागतो.

समुद्राजवळचं घर असेल तर घराबाहेर, पायरीच्या आधी, एक नळ आणि उभा शॉवर काढा, खाली जांभ्याची फरशी उताराची, पाणी वाडीत जाईल असा उतार. आमच्याकडे हे नव्हतं तेव्हा एका मे महिन्यात न्हाणीचा ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा, वाळूने तीनदा तुंबला, प्लंबरला दापोलीहून यायला दीड दिवस लागला, आणि तेवढा वेळ पाहुण्यांना आमच्या घरातलं न्हाणीघर वापरायला द्यावं लागलं. बाहेरचा शॉवर, शेजारी दोरी आणि चिमटे, आणि बीचवर न्यायला वेगळ्या रंगाचे जुने टॉवेल, निळे, म्हणजे खोलीतले आत राहतात. मुलांसाठी प्लास्टिकचं फावडं-बादली ठेवा, शंभर रुपयांत पोरं खूश.

इथेच एक सोय सांगते जी कुठल्या यादीत नसते. भरती-ओहोटीची पाटी. आमच्या ओटीवर फळा आहे, रोज सकाळी त्यावर भरतीची वेळ लिहितो. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे येते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. दरवर्षी कोणाची तरी गाडी वाळूत रुतते आणि वर भरती येते, पोहायला गेलेल्यांचं तर बोलायलाच नको. पाहुणा आला की चहा देताना मी स्वतः सांगते, इथे कुठून पाण्यात उतरायचं आणि कुठून नाही.

जेवण, फ्रीज, ड्रायव्हर

खोलीत किचन द्यावं का? तीन खोल्यांच्या घरात मी तरी नाही देणार, कोकणात लोक आयतं घावणे-चटणी, सोलकढी आणि माशाचं ताट खायला येतात, मासे हर्णै बंदराच्या लिलावातले ताजे असतील तर अजून काय पाहिजे. पण बाळाचं दूध गरम करायला, काढा करायला एक कॉमन ओटा हवा, त्यावर छोटी शेगडी, दोन पातेली, गाळणी. आणि एक फ्रीज सगळ्यांत मिळून, औषधासाठी वेगळा कप्पा, इन्सुलिन घेणारे पाहुणे हे विचारतातच. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी करा आणि सिलिंडर कमर्शियल १९ किलोचा, घरगुती त्या कामाला चालत नाही. जैन पाहुणे, उपवास, मुलांचं बिनतिखट हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

ड्रायव्हरची सोय मात्र विसरू नका. ट्रॅव्हलची गाडी करून येणारे बरेच असतात आणि तो माणूस आठ-नऊ तास घाट उतरून आलेला असतो. त्याला गाडीत झोपायला लावलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात आपल्या पाहुण्यांचा जीव. आम्ही पडवीच्या टोकाला एक खाट, पंखा, मच्छरदाणी आणि वेगळं बाथरूम केलंय, जेवणाचं ताट तेच जे पाहुण्यांना.

मोठ्या खर्चाच्या गोष्टी

एसी: हिशोबाने घ्या. फिटिंग आणि स्टॅबिलायझर धरून ४५,००० रुपये समजू. एसी खोलीचे रात्रीला ५०० जास्त मिळतात, त्यातले १०० विजेत गेले असं धरलं तर हातात ४००, म्हणजे ११०-११५ रात्रींनी पैसे सुटले. वर्षाला खोली ऐंशी रात्री जात असेल तर दीड वर्ष. जमत असेल तर आधी एकाच खोलीत लावा. खाऱ्या हवेत बाहेरचं युनिट लवकर सडतं, समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका, आणि सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा.

स्विमिंग पूल: सगळ्यांना हाच पाहिजे असतो, आणि मी यावर ठामपणे नाही म्हणते. २० बाय १० फूट आणि ४ फूट खोल एवढा लहान पूल धरला तरी २२,००० लिटरच्या वर पाणी. वर काढलेला १२०० लिटरचा हिशोब आठवा, म्हणजे पाहुण्यांचं अठरा दिवसांचं पाणी एका खड्ड्यात, तेही मे महिन्यात, जेव्हा शेजारच्या वाडीला टँकर येतो. शिवाय रोज क्लोरीन, पीएच ७.२ ते ७.६ च्या मध्ये ठेवायचं, पंप चालवायचा, आणि लहान मुलं असताना काठावर एक मोठं माणूस सतत. त्याऐवजी वाडीत दोन झोपाळे बांधा, एक कॅरम, पत्ते, लहान-मोठी पुस्तकं. संध्याकाळी आमच्या झोपाळ्यावर बसायला नंबर लागतो.

वायफाय आता लागतंच, रेंज कमी असलेल्या गावात तर जास्तच, कारण रविवारी रात्रीऐवजी सोमवारी काम करत थांबणारे पाहुणे मिळतात. चिऱ्याच्या भिंती दीड फुटाच्या असतात, त्यातून सिग्नल जात नाही, तेव्हा प्रत्येक खोलीत मोबाईलवर स्पीड बघून राऊटर कुठे ठेवायचा ते ठरवा, आणि एक साधं टेबल-खुर्ची द्या. राऊटर इन्व्हर्टरवर. टीव्ही कॉमन ओटीवर एकच पुरतो.

सुरक्षेचं सामान

यात काटकसर नको. स्वयंपाकघराजवळ आणि पडवीत एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर, त्याची तारीख वहीत. प्रत्येक खोलीत टॉर्च, कारण रात्री अंगणात विंचू-साप निघतात आणि पाहुण्याला सवय नसते, चप्पल झटकून घाला हेही सांगायचं. खिडक्यांना मच्छर जाळी. प्रथमोपचाराची पेटी, त्यात ओआरएस. दारामागे कागद: १०८, ११२, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाला जायचा रस्ता, आमचा नंबर. जुन्या घरात माडीचा जिना उभा असतो, वर दांडी आणि लहान मुलांसाठी फाटक लावा. विहिरीवर जाळी, कुलूप लावून. सीसीटीव्ही लावलात तर फक्त गेट आणि पार्किंगला, आणि आधी सांगून. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा पूर्ण बंद केलाय, आणि त्यांनी केला नसता तरी आपण लावायचा नाही. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन कळवायची असते, त्याचं लॉगिन आधीच काढून ठेवा.

शेवटी, जाहिरातीत लिहिताना

ऑनलाईन नोंदणी करताना सुविधांचे चौकोन येतात आणि सगळ्यांवर टिक मारायचा मोह होतो. जे तिन्ही खोल्यांत, बाराही महिने, मागितल्यावर लगेच मिळेल त्यालाच टिक. "समुद्र दिसतो" असं लिहू नका जर तो गच्चीवर टाचा उंचावून दिसत असेल. उलट जे नाही तेही लिहा, आम्ही लिहितो की समुद्र सात-आठ मिनिटं चालत आहे, घर कौलारू आहे त्यामुळे पाल दिसू शकते, लाईट जाते पण पंखे चालू राहतात. फोटो पावसातले आणि उन्हाळ्यातले दोन्ही टाका. हे लिहायला लागल्यापासून बुकिंग कमी झालं नाही, आल्यावर तोंड वाकडं करणारे कमी झाले.

आणि ती वही दर ३१ मे ला काढून बसा, सीझन संपता संपता, घरातल्या सगळ्यांनी, आणि कामाला येणाऱ्या वहिनींनाही सोबत घ्या कारण कुठली वस्तू साफ करायला जीव नकोसा होतो ते त्यांनाच माहीत असतं. आमच्या वहिनींनी गेल्या वर्षी सांगितलं की खोलीतल्या काचेच्या टेबलावर बोटांचे डाग पुसण्यात रोज दहा मिनिटं जातात, ती तीन टेबलं काढून फणसाच्या फळ्यांची केली. यंदा वहीत पाच वेळा "केस वाळवायचं मशीन" आलंय, १२०० वॉटचं, एकच घेऊन ओटीवर ठेवायचं ठरलंय.